चाळिसावं झाड

नाशिक, इंदिरानगर
ता. १८ जानेवारी १९८७

आदरणीय दाजी,

सविनय जयभीम. ताईलाही माझा जयभीम सांगावा. तिनं घेतला नाही तर परत पाठवू नये, तिथेच कुठेतरी ठेवून द्यावा.

पत्र लिहायला कारण असं काही नाही. आमच्या कॉलनीतले अहिरे पुतणीच्या लग्नाला भुसावळला निघाले आहेत आणि त्यांच्या सामानात थोडी जागा होती, म्हणून लिहितो आहे. दोन वर्षांत आपलं पत्र नाही, याचा दोष मी इथे सगळ्यांपुढे पोस्टावर टाकतो. पोस्टमन आमच्याच गल्लीत राहायला आल्यापासून मात्र जरा अवघड झालं आहे.

इकडे ठीक आहे. मंगलाचा गुडघा जिना चढताना दुखतो, उतरताना दुखत नाही; त्यामुळे ती खाली गेली की शेजारणीकडे दोन तास बसते. नळाला एक दिवसाआड पाणी येतं. इंदिरानगरात घरं भराभर उठत आहेत आणि प्रत्येक घरासमोर एक नारळ लावलेला आहे. नारळाला रोज बादलीभर पाणी लागतं, हे लावताना कोणी विचारात घेतलेलं नाही. मी एकदोघांना सांगायला गेलो. आता ते मला बघून दार लावून घेतात.

बाबांच्या नावच्या माळावर महिन्यातून दोनदा जातो. नाशिकहून सटाणा, सटाण्याहून नामपूर, आणि पुढे दीड मैल पायी. पाऊस यंदाही नाही. मोसम नदीत वाळूच वाळू. शेजारच्या गोटीरामची डाळिंबं गेली. टँकरनं पाणी घातलं, तरी गेली. आपली बोरं मात्र उभी आहेत. त्यांना कोणी पाणी घातलं नाही, खत घातलं नाही, आणि गेल्या दोन वर्षांत सल्लाही दिलेला नाही.

सोबतच्या पिशवीत वीस बोरं आहेत. ताईला दहा, नातवाला पाच, तुम्हाला पाच. जास्त नव्हती.

आपला,
सावळीराम लहानू पगारे
सेवानिवृत्त मुख्याध्यापक
(बोर डोळा भरणी प्रशिक्षण, तीन दिवस, प्रमाणपत्रधारक)

ता. क. पिशवी परत पाठवावी. मंगलाची आहे.


नाशिक
ता. २० फेब्रुवारी १९८७

आदरणीय दाजी,

सविनय जयभीम. तुमचं कार्ड मिळालं. 'बोरं पोचली. गोड आहेत. कुठली? सहादू.' एवढ्या मोठ्या कार्डावर एवढाच मजकूर बघून पोस्टमननं मलाच विचारलं, "मास्तर, बाकीचं पुसलं गेलं का?"

आता 'कुठली' हा प्रश्न तसा मोठा आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर मुळापासून सुरुवात करावी लागेल. मी मास्तर माणूस, मला त्याशिवाय जमत नाही, हे तुम्ही जाणताच.

तुम्हाला आठवतं का, माझ्या शाळेत मधल्या सुट्टीत पोरं गावठी बोरं खाऊन बिया थुंकायची आणि तुम्ही त्या वेचायला यायचात? कांदा मार्केटातून गोण्या शिवून यायचात, दाभण टोपीत खोचलेलं असायचं आणि हातात डबा. मी तेव्हा हेडमास्तर. माझा मेहुणा शाळेच्या पटांगणात उष्ट्या बिया वेचतो, याची मला लाज वाटायची. मी खिडकी लावून घ्यायचो. तुम्ही त्या बिया मिठाच्या पाण्यात टाकल्यात, तरंगल्या त्या फेकल्या, बुडल्या त्या ठेवल्या. सरकारनं बाबांना सिलिंगची म्हणून जी दोन एकर दिली, तिच्यावर कुदळ मारली की ठिणगी उडते. त्या जमिनीत तुम्ही चाळीस खड्डे घेतलेत आणि प्रत्येकात दोन दोन बिया टाकल्यात.

मी म्हणालो होतो, "दाजी, नर्सरीत पिशवीतली तयार कलमं मिळतात. सरळ ती लावा, दोन वर्षं वाचतील."

तुम्ही म्हणालात, "मास्तर, पिशवीत मूळ गोल फिरतं. त्याला खाली जायची सवयच राहत नाही. जाग्यावर रुजलेलं झाड आधी खाली वाढतं, मग वर. दोन साल थांबू. खुंट खाली पोचू दे, मग वर चांगल्या जातीच्या बोराचा डोळा भरू."

मी ते हसण्यावारी नेलं. पुढे सरकारी प्रशिक्षणाला गेलो, तर पहिल्याच दिवशी साहेबांनी फळ्यावर हेच लिहिलं. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि तुम्हाला येऊन असं सांगितलं, जणू तुम्ही पहिल्यांदाच ऐकता आहात. तुम्ही मान हलवलीत.

एक बातमी द्यायची राहिली. गोटीराम विहीर खोल करतो आहे. आपल्या बांधाला लागूनच आहे ती. परवा पंधरा-सोळा फुटांवर मुरमातून बोटाएवढं जाड मूळ बाहेर आलं. तो खालून ओरडला, "मास्तर, तुमनं झाड मनी विहिरम्हा घुसनं!" मी टेप घेऊन गेलो. मूळ आपल्याच बोराचं. सहा वर्षांचं झाड, वर माझ्या डोक्याएवढं, आणि खाली तीन सावळीराम एकावर एक उभे राहतील इतकं. गोटीरामच्या विहिरीला अजून पाणी लागलेलं नाही, पण ते मूळ ओलं होतं. तो बराच वेळ त्याला हात लावून बसला. मग म्हणाला, "दाजी कवय येतीन?"

मी म्हणालो, येतील, कामात आहेत.

पानं संपत आली. बोरं कुठली हे पुढच्या पत्री.

आपला,
सावळीराम पगारे
(सेवानिवृत्त मुख्याध्यापक)

ता. क. पिशवी.


नाशिक
ता. १४ एप्रिल १९८७

प्रिय दाजी,

आजच्या दिवसाचा जयभीम. सकाळी कॉलनीत मिरवणूक झाली, मी दोन शब्द बोललो. मंगला म्हणते अडीच हजार बोललात. गर्दी उन्हामुळे पांगली, असं माझं मत आहे.

तुमचं दुसरं कार्ड मिळालं. यावेळी 'कुठली?' एवढंच. कडेला ताईचं अक्षर: 'पिशवी मिळणार नाही.' दोन वर्षांनी तिचं अक्षर पाहिलं. अजून 'ळ'ला शेपूट लांब काढते. ही सवय मी तिला सोडवू शकलो नाही. मी तिच्याहून सहा वर्षांनी लहान, तरी शिकवत होतो, हेही खरं.

सांगतो. ती बोरं चाळिसाव्या झाडाची. नाल्याच्या कोपऱ्यातलं, बाभळीखालचं ते खुरटं. शेळ्यांनी दर वर्षी त्याचा शेंडा खाल्ला, म्हणून ते कधी मोठं झालं नाही आणि आपण त्याला हिशेबात धरलं नाही. गेल्या वर्षी गोटीरामनं बांधाला काट्या लावल्या आणि शेळ्या थांबल्या. या जानेवारीत त्याला पहिलं फळ आलं. कोंबडीच्या अंड्याएवढं, पिवळंधमक, आणि चव तुम्ही घेतलीच आहे. अस्सल उमराण, आपण डोळे भरले होते त्याच जातीचं. एकूण चोवीस लागली. एक मी खाल्लं, एक मंगलानं, एक गोटीरामनं आणि एक प्रशिक्षणाच्या साहेबांना नेऊन दिलं. बाकीची वीस तुमच्याकडे.

बाकी एकोणचाळीस झाडांवर गावठीच. वाटाण्याएवढी, आंबट. पोरं मीठ लावून खातात.

आता त्या दिवसाविषयी. तो विषय काढू नये असं माझं मत होतं, पण मंगलाचं वेगळं पडलं. जानेवारी पंच्याऐंशी. मी साहेबांना बोलावलं होतं, नामपूरचे पंधरा-वीस शेतकरी बोलावले होते, सतरंजी अंथरली होती, 'कोरडवाहू उमराण बाग' असा फलक स्वतः रंगवला होता. साहेबांनी पहिलं बोर दाताखाली धरलं आणि त्यांचा डावा डोळा आपोआप मिटला. ते म्हणाले, "मास्तर, हे उमराण?" सगळे माझ्याकडे बघत होते. छत्तीस वर्षांत माझ्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं. मी बोलून गेलो, "साहेब, शास्त्र माझं बरोबर होतं. डोळे आमच्या दाजींनी भरले. अडाणी माणूस, उलटे भरले असणार."

सगळे हसले. तुम्ही पाणी वाटत होतात. तुम्ही उरलेल्या सगळ्यांना पाणी दिलंत आणि मग तांब्या खाली ठेवलात. पुढच्या आठवड्यात तुम्ही आणि ताई मुलाकडे भुसावळला गेलात, ते आजतागायत.

हे शब्द माझ्या तोंडून जायला नको होते. उलट्या डोळ्याचं झाड मुळात फुटलंच नसतं, हे मला नंतर उमगलं. तेव्हा डोळे तुम्ही बरोबरच भरले होते. बाकीच्या झाडांची चांगली फूट बहुधा शेळ्यांनी खाल्ली असावी. किंवा मजुरांनी चुकून काढली असावी. दुष्काळही होता. नेमकं सांगता येत नाही.

खरं काम असं आहे. साहेबांना मी चाळिसाव्याचं बोर दिलं, तेव्हा ते खुर्चीतून उठले. म्हणाले, "पाणी न घालता तीन साल उभी राहिलेली मुळं तुमच्याकडे आहेत. विकत मिळायची नाहीत. मे महिन्यात सगळी झाडं गुडघ्याएवढी छाटा, नवी फूट येईल, आषाढात तिच्यावर नव्यानं डोळे भरा. पण भरणारा हात चांगला हवा. आणि काळजीनं भरा, वारंवार छाटणं झाडाला सोसत नाही."

चांगला हात भुसावळला आहे. यावं, ही विनंती.

तुमचा,
सावळीराम


नामपूर
ता. ९ जून १९८७

दाजी,

जयभीम.

पिशवी मिळाली. अहिऱ्यांचा मेहुणा घेऊन आला. मंगलानं ती माझ्यासमोरच झटकली आणि आतून प्लास्टिकच्या पट्ट्यांचं एक बंडल पडलं, सुतळीनं बांधलेलं. सोबत ताईची चिठ्ठी: 'मोजून घे. तुझ्या सदऱ्याच्या खिशात सापडल्या होत्या, मी धुवायला घेतला तेव्हा. शेळ्यांना खिसा नसतो.'

मोजायची गरज नव्हती. एकोणचाळीस असणार हे मला माहीत होतं. तरी मंगलानं मोजल्या, मोठ्यानं.

मी हे पत्र माळावर बसून लिहितो आहे आणि चष्मा घातलेला आहे. चष्म्याचा मुद्दा पुढे येईल.

त्र्याऐंशीचा जुलै. मी वहीतून वाचत होतो आणि तुम्ही डोळे भरत होतात. गोणीचं तोंड शिवावं तसा तुमचा हात चालत होता. सालीत चीर, चिरेत डोळा, वर पट्टी. मी एक ओळ वाचेपर्यंत तुमचं एक झाड व्हायचं. चाळीसच्या चाळीस डोळे जगले. नंतर तुम्ही आणि ताई नातवाच्या नामकरणाला पंधरा-वीस दिवस गेलात. जाताना तुम्ही मला एकच गोष्ट सांगितलीत. "मास्तर, पट्टीला हात लावू नका. पट्टीतून येईल ती फूट आपली, बाकी सगळी रानटी. आम्ही आलो की बघू."

मी रविवारी आलो. चष्मा घरी राहिला होता. पट्ट्या मळलेल्या, वाकड्यातिकड्या, फाटक्या कपड्याला ठिगळ लावल्यासारख्या दिसत होत्या. मला नीटनेटकेपणा लागतो. म्हणून एकेका झाडाची पट्टी आधी सोडून खिशात घालत गेलो. ती सोडल्यावर कुठली फूट कुठून आली, हे कळायला मार्ग उरला नाही. पण प्रमाणपत्रधारक माणूस अडत नाही. मी झाडापुढे बसलो. एका बाजूला हातभर वाढलेल्या, टवटवीत, काटेरी फांद्या. दुसऱ्या बाजूला बोटाएवढा फिकट कोंब, धड उभाही राहत नव्हता. छत्तीस वर्षं मी वर्गात तरतरीत पोरांना पहिल्या बाकावर बसवलं आणि कच्च्यांना खिडकीपाशी. हात आपोआप चालला. फिकट ते सगळे उपटले. एकोणचाळीस झाडांवरून तुमचे एकोणचाळीस डोळे मी या हातानं काढले आणि रानटी फूट राखली. वर पाठ थोपटावी तशी तिच्याभोवतीची माती थोपटली.

चाळिसाव्यापाशी गेलो तर बाभळीवरच्या गांधीलमाशांनी कानाला चावा घेतला. मी पळालो. पळता पळता तेवढं एक झाड शास्त्रातून सुटलं.

दुसऱ्याच दिवशी तुम्ही दोघं परतलात, तेव्हा ताईला कान सुजलेला दिसला होता. मी म्हणालो, दाढ दुखते.

तुम्ही माळावर जाऊन आल्यावर विचारलंत, "पट्ट्या कुठं गेल्या?" मी म्हणालो, गळून पडल्या, प्लास्टिक हलकं निघालं. पुढच्या वर्षी तुम्ही म्हणालात, "मास्तर, पानं बारीक दिसतात." मी वही उघडून सांगितलं, पहिली दोन वर्षं बारीकच असतात. वहीत तसं काही नव्हतं, दाजी. वहीचं ते पान कोरं होतं.

हे सगळं कबूल करायला फारसं जड नाही. जड आहे ते पुढचं. पट्ट्या ताईला त्र्याऐंशीतच सापडल्या होत्या. म्हणजे पंच्याऐंशीत मी सगळ्यांसमोर तुम्हाला अडाणी म्हणालो, तेव्हा तुम्हाला माहीत होतं. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर सतरंजीवरचे सगळे माझ्यावर हसले असते. तुम्ही लोकांना पाणी दिलंत. पट्ट्या बघितल्यापासून मी विचार करतो आहे की तुम्ही का बोलला नाहीत, आणि मला एकच उत्तर सुचतं, की गावात मला मास्तर म्हणत होते आणि तुम्हाला ते मोडायचं नव्हतं.

म्हणून ते मीच मोडलं. मागच्या बुधवारी बाजार होता. कांदा मार्केटासमोरच्या चहाच्या टपरीवर त्या दिवशीचे दहा-बारा जण सापडले. मी बाकावर उभा राहिलो. बाक हलत होता, तरी उभा राहिलो, आणि सांगितलं, "दाजींचे डोळे सरळ होते. उपटले मी." कोणी हसलं नाही. गोटीराम बशीतला चहा संपवून म्हणाला, "मी बांधवरतीन देखं व्हतं, मास्तर, तुमी उपटतांना. माले वाटनं, हाईच शास्त्र व्हई."

मग मात्र सगळे हसले. मीही हसलो. मग बाकावरून उतरलो.

प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवलं आहे. मंगला गेली चार वर्षं म्हणत होती, "त्याला पाणी घाला, बोरं लागतील." तिथे आता भिंतीवर पांढरा चौकोन दिसतो. ती म्हणते, तोच बरा दिसतो.

मे महिन्यात मी एकोणचाळीसही झाडं गुडघ्याएवढी छाटली. तुमचं उत्तर यायची वाट बघितली नाही, कारण छाटणीची वेळ जात होती. गाववाल्यांना वाटलं मास्तरचं डोकं फिरलं. तीन साल दुष्काळात जगवलेली झाडं कोणी तोडतं का? छाटणीनंतर मी नामपुरातच मुक्काम केला; रोज सकाळी इथे येऊन बुंधे मोजत होतो आणि माझंही मत तेच होत चाललं होतं. बारा दिवस काही नाही. तेराव्या दिवशी एका बुंध्यावर लाल ठिपके दिसले. आता प्रत्येकाला दहा-बारा फुटवे आहेत. जमिनीवर ओल नाही, आभाळात ढग नाही. तरी आहेत. जे काही आहे ते तुम्ही डब्यात वेचलेल्या बियांच्या खालच्या टोकाकडून येतं आहे.

यातल्या एकाही फुटीला मी हात लावलेला नाही. कोणती ठेवायची, कोणती काढायची, हे मी ठरवणार नाही. पाठीमागे हात बांधून फिरतो. गोटीराम म्हणतो, मास्तर पुढारी झाला.

डोळे आणायला नर्सरीत जायला नको. चाळिसाव्या झाडावर पुरून उरतील इतके आहेत. तुमच्याच हातचे आहेत, ते पुन्हा तुमच्याच हातानं भरले जावेत, असं मला फार वाटतं. आषाढ पंधरवड्यावर आला. त्यात डोळे भरले गेले नाहीत, तर फूट जून होईल आणि झाडं पुन्हा छाटावी लागतील. साहेब म्हणतात, ते झाडांना सोसायचं नाही. नाही आलात, तर मी तुम्हाला दोष देणार नाही. यापूर्वी दिला तेवढा पुरे.

ताईला सांगावं की पिशवी मी परत पाठवतो आहे, आता ती तिचीच. आत पट्ट्या आहेत, गरम पाण्यात धुऊन, सरळ करून. मोजून घ्याव्यात. येताना घेऊन याव्यात.

तुमचं दाभण तुमच्या खुंटीला होतं तसंच आहे. शेजारी कात्री टांगली आहे. ती मी आता काढत नाही.

या वेळी फक्त पट्ट्या धरून उभा राहणारा,
तुमचा
सावळ्या